रानवाटेची निवड : परतीचा विचार आधी

बेळगावकर डॉक्टरांना अरण्य दूर नाही. सकाळी जांबोटीच्या रस्त्याला लागले की तास-दीड तासात कणकुंबी येते. माऊलीदेवीच्या त्या गावी मलप्रभा उगम पावते आणि कृष्णेला मिळण्यासाठी पूर्वेकडे निघते. त्याच खानापूर तालुक्यातील देगाव परिसरात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेकडे गोव्यात उतरते. एकाच तालुक्यातले पाणी असे दोन समुद्रांना जाते. या दोन नद्यांच्या आसपासचे रान सह्याद्रीतील उत्तम रानांपैकी एक आहे. त्यातील सुमारे १९० चौरस किलोमीटर क्षेत्र २०११ मध्ये भीमगड अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथील बारापेडे गुहेतील वटवाघळाची जात १९१३ साली शास्त्राला प्रथम ज्ञात झाली आणि पुढे अनेक दशके ती जगात अन्यत्र कोठेही सापडली नव्हती.

इतके वैभव उशाशी असूनही आपल्या संस्थेच्या सहली वर्षानुवर्षे गोव्याचे किनारे आणि एखादे देवस्थान यांपलीकडे गेल्या नव्हत्या. तरुण सभासदांनी आग्रह धरला की एक दिवस रानात पायी हिंडावे, सकाळी निघावे आणि निराळ्या वाटेने फेरी पुरी करून संध्याकाळी त्याच गावी परतावे. २०१८ च्या फेब्रुवारीत तसे ठरले. वाट निवडण्याचे काम माझ्याकडे आले आणि ती मी चुकीची निवडली. हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

गावांची नावे मी मुद्दामच देत नाही. एखादी रानवाट प्रसिद्ध झाली की तिथे गर्दी, प्लॅस्टिक आणि भोंगे पोहोचतात, हा अनुभव आता सर्वांचाच आहे.

पहिली फेरी

आम्ही अकरा जण होतो. सर्वांत तरुण सभासद एकोणतीस वर्षांचा, तर सर्वांत ज्येष्ठ नाना सदुसष्ट वर्षांचे. नाना म्हणजे निवृत्त फिजिशियन. रोज पहाटे पाच किलोमीटर चालणारे. त्यामुळे त्यांच्या प्रकृतीविषयी कोणालाच शंका नव्हती.

वाट मी निवडली ती एका छायाचित्रावरून. कड्यावरून दिसणारी खोल हिरवी दरी आणि तळाशी चकाकणारे पाणी पाहून मी भुललो होतो. पठारावरच्या गावातून दरीत उतरायचे, नदीकाठाने चालायचे आणि पलीकडच्या सोंडेवरून वर चढून पुन्हा गावात यायचे, अशी ती सुमारे सोळा किलोमीटरची फेरी होती. उतार साडेचारशे मीटरचा आणि चढही अर्थात तेवढाच.

न्याहारी, छायाचित्रे आणि गप्पा यांत निघायलाच साडेआठ वाजले. उतरताना मंडळी गाणी म्हणत होती. गावाबाहेर म्हशी घेऊन निघालेल्या एका वृद्ध गवळ्याने आम्हाला हटकले होते, “घाट उतरायला कोण पण उतरतंय डॉक्टर, वर कोण चढतंय ते बघा की.” आम्ही हसून पुढे गेलो.

नदीकाठी जेवण झाले आणि दोन वाजता भर उन्हात चढ सुरू झाला. पाऊणएक तासाने नाना मागे पडू लागले. मग त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, आणि साडेतीनच्या सुमारास ते एका दगडावर बसले ते उठेनात. चेहरा पांढराफटक, नाडी जलद आणि क्षीण. आम्ही भोवती जमलो. अकरा पदवीधरांच्या पिशव्यांतून निघाले काय, तर पॅरासिटामॉलच्या दोन पट्ट्या, आम्लपित्ताच्या गोळ्या आणि जखमेवर लावायच्या पट्ट्या. रक्तदाब मोजण्याचे साधन नव्हते. क्षारांची पुडी नव्हती. पाण्याच्या तीन बाटल्या शिल्लक होत्या. दूरध्वनीला संपर्क नव्हता.

मी विचारले, “नाना, तुमची औषधे कोणती चालू आहेत?”

“रक्तदाबाची एक गोळी. टेल्मिसार्टन, सोबत हायड्रोक्लोरोथायाझाइड. सकाळी वेळेवर घेतली आहे,” ते म्हणाले.

लघवीवाटे पाणी आणि सोडियम बाहेर टाकणारी गोळी घेऊन, फेब्रुवारीच्या उन्हात, साधे पाणी पीत सदुसष्ट वर्षांचा माणूस सात तास चालला होता. अकरा डॉक्टरांच्या तुकडीत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो दुपारी पावणेचारला.

मागे फिरावे तर पुन्हा नदी आणि पलीकडचा सकाळचा संपूर्ण घाट. पुढे जावे तर अजून तीनशे मीटर चढ. कोणत्याही बाजूने रस्ता जवळ नव्हता. आम्हाला सोडवले ते त्या गवळ्यानेच. म्हशी शोधत तो त्या सोंडेवर आला होता. त्याने जवळच्या झऱ्याचे पाणी आणले, फडक्यातला गूळ आणि भाकरीसोबतचे मीठ दिले आणि तास-दीड तासाच्या विश्रांतीनंतर गुरांच्या कमी चढाच्या वाटेने, नानांना हाताला धरून, वर आणले. साडेसहाला सूर्य मावळला. शेवटचा पल्ला मोबाइलच्या उजेडात चाललो आणि गावात पोहोचलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते. रात्री रुग्णालयात नानांचे सोडियम १२६ आले. दोन दिवसांत ते घरी गेले. वहिनींनी आम्हाला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच जास्त लागले.

पठारावरचा उलटा हिशेब

वाट गोल असली की तिचा मध्य हा सर्वांत धोक्याचा बिंदू असतो. आल्या वाटेने परतायचे असेल तर माणूस केव्हाही मागे वळू शकतो आणि मागची वाट ओळखीची असते. फेरीत मात्र निम्मे अंतर ओलांडल्यावर मागे फिरण्यात काही लाभ उरत नाही आणि पुढचा सारा भाग अनोळखी असतो. म्हणून फेरी निवडताना तिचा पूर्वार्ध किती सुंदर आहे हे पाहण्याआधी उत्तरार्धात काय आहे हे पाहावे.

त्यात आपण घाटमाथ्यावरचे लोक. पुण्या-मुंबईची मंडळी पायथ्यापासून गड चढतात, म्हणजे सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी चढ आणि थकल्यावर उतार. आपल्याकडे गाव वर आणि रान खाली असते. सकाळी उतार आणि भर दुपारी, पाणी संपत आलेले असताना चढ. हा उलटा हिशेब माझ्या ध्यानातच आला नव्हता. त्या गवळ्याला तो शाळेत न जाता ठाऊक होता.

नकाशा, दोरा आणि घड्याळ

पुढच्या वेळी मी छायाचित्र बाजूला ठेवले आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा १ : ५०,००० प्रमाणाचा नकाशा टेबलावर पसरला. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. वाटेवर शिवणाचा दोरा वळणावळणाने ठेवावा, मग तो सरळ करून मोजपट्टीला लावावा. प्रत्यक्ष वाट नकाशापेक्षा अधिक वळणे घेते, म्हणून आलेल्या आकड्याला मी सव्वापट करतो. समोच्च रेषांमधील अंतर वीस मीटरचे असते. वाट किती रेषा ओलांडून वर जाते ते मोजले की चढाई कळते. रेषा दाट असतील तेथे उभा कडा समजावा.

वेळेसाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ मधील नियम आजही उपयोगी आहे. दर तीन मैलांस एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईस आणखी एक तास. आमच्या पहिल्या फेरीला या नियमाने चार तास पुरायला हवे होते. लागले पावणेबारा. नियम चुकीचा नव्हता. तो सरावलेल्या, सशक्त माणसासाठी आहे. संमिश्र वयाच्या मंडळींसाठी आपल्या रानात तो आकडा दुप्पट करावा आणि वर जेवणाचा वेळ धरावा. एवढे करून सूर्यास्तापूर्वी दोन तास शिल्लक उरत नसतील तर ती वाट आपली नव्हे. दाट झाडीत संध्याकाळ शहरापेक्षा लवकर होते.

नकाशा जुना असू शकतो. पायवाटा मोडतात, लागवडी होतात, कुंपणे पडतात. म्हणून टेबलावरचा निर्णय गावातल्या जाणत्याकडून तपासून घ्यावा. “वाट आहे का?” असे विचारू नये, त्याचे उत्तर नेहमी “आहे” असेच येते. “गेल्या पावसाळ्यानंतर तुम्ही त्या वाटेने गेला होता का?” असे विचारावे.

वाट चुकल्यास ओढ्याने खाली उतरत जावे, असा एक समज आहे. आपल्या भागात तो घातक ठरू शकतो. जलविभाजकाच्या पूर्वेचा ओढा मलप्रभेच्या खोऱ्यातील शेतांकडे नेईल, पण पश्चिमेचा ओढा कड्यावरून धबधबा होऊन कोसळतो. वाट हरवली तर थांबावे आणि शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे जावे.

ऋतू आणि गोचीड

पहिल्या फेरीनंतर सहाव्या दिवशी आमच्यातील सर्वांत तरुण सभासदाला कडकडून ताप आला. डोके, पाठ, अंग सारे ठणकत होते. फेरीच्या रात्री त्याने पोटरीवरच्या दोन बारीक गोचिडी खरवडून टाकल्या होत्या. आम्ही सर्वांनी एकमेकांकडे पाहिले, कारण मनात एकच नाव होते.

क्यासनूर अरण्यज्वर, म्हणजेच माकडताप, १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये तो आपल्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये दोडामार्गात आढळला. विषाणू गोचिडीतून येतो. चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप चढतो, काहींना रक्तस्राव होतो, काहींना बरे वाटल्यावर दुसरा ताप मेंदूची लक्षणे घेऊन येतो. मृत्यूचे प्रमाण तीन ते पाच टक्के आहे. विषाणूवर निश्चित औषध नाही. जुनी लस २०२२ मध्ये बंद झाली असून नव्या लसीचे प्रयत्न चालू आहेत.

आमच्या मित्राची तपासणी नकारात्मक आली आणि ताप पाच दिवसांत गेला. मात्र ते दिवस आम्ही विसरलो नाही. गोचिडीची बाल्यावस्था कोरड्या दिवसांत, विशेषतः जानेवारी ते एप्रिल या काळात, सर्वाधिक सक्रिय असते आणि नेमके तेच आपले सहलीचे दिवस. पावसाळ्यात जावे तर कणकुंबीकडचा पाऊस बेळगावच्या कित्येक पट, ओढे दुथडी आणि जळवा. म्हणून आमच्या मते नोव्हेंबरचा उत्तरार्ध त्यातल्या त्यात बरा. ओढ्यांना पाणी असते, ऊन सौम्य असते, गोचिडींचा मुख्य हंगाम यायचा असतो. दिवस मात्र लहान. सूर्य सहाच्या आत मावळतो, म्हणून वाटही लहान हवी. गोचिडी तेव्हाही असू शकतात. पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली विजार, कीटकरोधक मलम आणि घरी पोहोचताच गरम पाण्याने स्नान करून सर्वांग तपासणे या गोष्टी कोणत्याही महिन्यात टाळू नयेत. परिसरात माकड मरून पडल्याची बातमी असेल तर ती वाट रद्द करावी आणि आरोग्य खात्याला कळवावे.

तीन वाटांतून एक

दुसऱ्या फेरीसाठी तीन वाटा निघाल्या. पहिली जुनीच दरीची वाट. ती बाद झाली. दुसरी जलविभाजकावरची चौदा किलोमीटरची. चढ नाममात्र, दोन ठिकाणी डांबरी रस्ता जवळ. पण निम्मी वाट उघड्या सड्यावरून, सावली नाही आणि माथ्यावर असल्याने पाणीही नाही. शिवाय एका कड्याला आग्या मोहोळे लटकलेली होती. तीही बाद झाली.

तिसरी वाट मी स्वतःच जुळवली. इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या दोन पाकळ्या आणि मध्यभागी गाव. पहिली पाकळी ओढ्याच्या काठाने पाच किलोमीटरची, चढ ऐंशी मीटर. दुसरी सहा किलोमीटरची, कड्यापर्यंत जाणारी, चढ एकशे ऐंशी मीटर. मध्यभागी डांबरी रस्ता, गाडी आणि एका ओळखीच्या घराची ओसरी. ज्याला थकवा वाटेल त्याने पहिल्या पाकळीनंतर थांबावे. त्याने माघार घेतली असे कोणी म्हणणार नाही, कारण त्याचीही फेरी पुरी झालेली असेल. या वाटेवरच्या सर्वांत दूरच्या बिंदूपासून डांबरी रस्ता चालत तासाभरात गाठता येत होता.

हा शेवटचा निकष मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. आपल्या प्रतिसर्पविषात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर उतारा आहे. घाटातल्या चापड्यावर आणि नाकाड्या चापड्यावर तो चालत नाही, आणि नाकाड्याच्या दंशाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. रानात डॉक्टर असून भागत नाही. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला लवकर रुग्णालयात पोहोचवता आले पाहिजे. म्हणून प्रश्न सोबत किती डॉक्टर आहेत हा नसून रस्ता किती मिनिटांवर आहे हा आहे.

परवानगीचेही तसेच. राखीव वनात आणि अभयारण्यात वनखात्याच्या अनुमतीवाचून जाता येत नाही. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी वनाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारूनच दिवस ठरवावा. खात्याची सूचना कोणती वाट बंद आहे, गवे कोठे आहेत, अस्वल कोठे दिसले हेही सांगून जाते.

दुसरी फेरी

२०१९ च्या नोव्हेंबरातील रविवारी आम्ही साडेसातला चालू लागलो. आदल्या आठवड्यात प्रत्येकाकडून एक कागद भरून घेतला होता. त्यात वय, आजार, चालू औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक होता. आपण रुग्णांना जे विचारतो तेच. कागद भरताना तिघांचा मधुमेह आणि एकाची जुनी अँजिओप्लास्टी प्रथमच उघड झाली. ज्यांच्या गोळ्यांनी साखर उतरण्याचा धोका होता त्यांनी त्या दिवसाची मात्रा आपल्या फिजिशियनला विचारून ठरवली. प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी, क्षारांच्या पुड्या, खारे शेंगदाणे आणि गूळ. एका पिशवीत रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि मधमाश्यांच्या दंशासाठी अॅड्रिनॅलिन. सर्वांत हळू चालणारा सर्वांत पुढे. आणि “आता परत” हे म्हणण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला आधीच दिलेला. त्यावर चर्चा नाही.

नाना येणार नाहीत असेच वाटले होते. ते आले. पहिली पाकळी त्यांनी आमच्याबरोबर पुरी केली. दहाच्या आत आम्ही गावात होतो. दुसऱ्या पाकळीला आम्ही निघालो तेव्हा नाना ओसरीवर बसून म्हणाले, “माझे आजचे चालणे झाले. तुम्ही जाऊन या.”

कड्यावरून दरी दिसली. तळाशी तेच पाणी चकाकत होते जे मी छायाचित्रात पाहिले होते. अर्धा तास तिथे बसलो, उतरलो कोणीच नाही. सव्वादोनला गावात परतलो तो ओसरीवर गर्दी. नानांनी रक्तदाबमापक मागून घेतले होते आणि गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग लागली होती. एका तरुणाला चार दिवसांचा ताप होता. नाना त्याला विचारत होते, “रानात गेला होतास का? गोचीड चावली का? माकड मेलेले पाहिलेस का?” त्याला आमच्याच गाडीतून पुढे तपासणीसाठी नेले. निघाला डेंग्यू, आणि तो बरा झाला. पण ते तीन प्रश्न तेव्हापासून मी माझ्या दवाखान्यात तापाच्या प्रत्येक रुग्णाला विचारतो.

त्या रांगेच्या शेवटी आमचा गवळीही बसला होता. त्याचा रक्तदाब १३०/८० निघाला.

निघण्यापूर्वी

पुढील सहलीची वाट निवडणाऱ्या सभासदांसाठी पाच प्रश्न येथे नोंदवतो. एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरी वाट पाहावी.

१. आपल्यातील सर्वांत मंद चालणाऱ्याला ही वाट सूर्यास्तापूर्वी दोन तास राखून पुरी करता येईल का?

२. सर्वांत मोठा चढ दिवसाच्या कोणत्या प्रहरी येतो आणि तेव्हा पाणी किती उरलेले असेल?

३. सर्वांत दूरच्या बिंदूपासून डांबरी रस्ता किती मिनिटांवर आहे? मधूनच बाहेर पडण्याची वाट कोठे आहे?

४. वनखात्याची परवानगी आणि गावातल्या माणसाची सोबत आहे का? परतण्याची वेळ घरी सांगितली आहे का?

५. प्रत्येकाची औषधे एकाला तरी ठाऊक आहेत का?

दरी अजून आहे तेथेच आहे. ज्यांचे पाय तरुण आहेत त्यांनी ती अवश्य उतरावी, मात्र पहाटे निघून, क्षार आणि पाणी घेऊन, आणि वर चढायचे आहे हे ध्यानात ठेवून.